डिफरन्शियलला झेपेल का?

आमच्या इमारतीच्या वार्षिक सभेत आजवर गळकी टाकी, बंद पडणारी लिफ्ट, कबुतरं आणि तिसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांचं ट्रम्पेट अशा अनेक विषयांवर वादळं उठली आहेत. पण एखाद्या सभासदाच्या मोटारीच्या मागच्या आसाच्या पोटात, तेलात बुडून, कुणाच्याही नजरेस न पडता फिरणाऱ्या दातेरी चाकांवर जर कधी चर्चा झाली असेल, तर ती फक्त माझ्या. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. म्हणजे बढाई म्हणूनच सांगतोय, पण ती खरी आहे.

ज्यांना डिफरन्शियल म्हणजे काय ते ठाऊक नाही त्यांच्यासाठी, आणि ज्यांना ते ठाऊक आहे असं वाटतं त्यांच्यासाठी तर आवर्जून सांगतो. गाडी वळताना बाहेरच्या चाकाला जास्त पल्ला मारावा लागतो, आतल्याला कमी. दोघांना एकाच दांड्याला जखडलं तर एक फरफटत जाणार. म्हणून दोघांच्या मध्ये हे डिफरन्शियल बसवतात. ज्याला जेवढं फिरायचंय तेवढं ते फिरू देतं. पण साधं डिफरन्शियल हे भोळ्या बापासारखं असतं. एक चाक चिखलात जाऊन गरगर फिरायला लागलं की सगळे लाड त्याचेच, आणि पाय रोवून उभं असलेलं शहाणं चाक उपाशी. माझ्या गाडीत कारखान्यातूनच ‘लिमिटेड स्लिप’ जातीचं डिफरन्शियल आलंय. ते उनाड चाकाला थोडंफार घसरू देतं, मग त्याचा कान धरतं आणि ताकद दुसऱ्याच्या हवाली करतं. असं न्यायी डिफरन्शियल आमच्या अख्ख्या पार्किंगमध्ये दुसरं नाही.

गाडी जुनी, दोन दारांची, मागच्या चाकांवर चालणारी. मागे बसणाऱ्याला गुडघे हनुवटीखाली घेऊन बसावं लागतं, पण ते मागे बसणाऱ्याचं दुःख. मी पुढे बसतो. एकंदरीत गाडी सुखात होती, मी सुखात होतो. माशी शिंकली ती सासऱ्यांच्या सत्तराव्या वाढदिवसाला. जेवण डोंगरावरच्या एका हॉटेलात होतं. माझ्या मागे सासूबाई, शेजारी बायको, आणि मी दुसऱ्या गिअरमध्ये जिवाच्या आकांतानं चढ चढतोय. एवढ्यात माझा मेहुणा त्याच्या रणगाड्याएवढ्या नव्या गाडीतून माझ्या बरोबरीला आला. त्यानं काच खाली केली. त्याच्या एका हातात कॉफीचा कप होता.

“भाऊजी,” तो म्हणाला, “ढकलायला उतरू का?”

आणि निघून गेला. चढावर! सासूबाई हसल्या. सासूबाईंचं हसणं मी एकवेळ पोटात घातलं असतं. पण बायको हसली.

माणसाच्या आयुष्यात टर्बो येतो तो असा.

टर्बो म्हणजे काय, तर धुराड्यातून वाया जाणाऱ्या धुरावर एक पंखा फिरवायचा, त्या पंख्यानं दुसरा फिरवायचा आणि दुसऱ्यानं इंजिनात जास्तीची हवा कोंबायची. जास्त हवा, जास्त पेट्रोल, जास्त ताकद. हे घरी पटवताना मी ‘काटकसर’ हा शब्द वापरला.

“अहो, पण पेट्रोल जास्त लागणार ना?” बायकोनं विचारलं.

“लागणार.”

“मग काटकसर कशाची?”

“धुराची,” मी म्हणालो.

ती फिजिओथेरपिस्ट आहे. दिवसभर लोकांचे आखडलेले खांदे सोडवून ती इतकी दमलेली असते, की माझं आखडलेलं डोकं सोडवायला तिच्यात त्राण उरत नाही. त्याच रात्री परवानगी मिळाली असं मी समजलो.

गाडी गेली आमच्या मेकॅनिककडे, बघूमास्तरांकडे. हे त्यांचं नाव नव्हे. कुठल्याही प्रश्नाला ते आधी इंजिनाकडे बघतात, मग छताकडे बघतात आणि मग म्हणतात, “बघू.” टर्बो बसेल का? बघू. इंजिन सोसेल का? बघू. डॉक्टर असं म्हणाला तर मला घाम फुटतो, पण बघूमास्तरांच्या तोंडी त्या शब्दाला एक भरदार वजन आहे. त्यांनी टर्बो बसवला. सव्वाशे घोड्यांची गाडी सव्वादोनशेची झाली. तबेला तेवढाच, घोडे शंभरानं वाढले. पहिल्यांदा पाय दाबला तेव्हा बॉनेटखालून बारीक शिट्टी ऐकू आली, पाठ सीटला चिकटली आणि मी, दावे नाकारण्यात हयात घालवलेला एक विमा कंपनीचा माणूस, भर रस्त्यात एकटाच “आहाहा” म्हणालो.

त्या आनंदात मी मेहुण्याला जेवायला बोलावलं. चूक तिथे झाली. सगळं सविस्तर सांगून मी कौतुकाची वाट बघत बसलो, तर तो सावकाश घास चावत म्हणाला, “ताकद वाढवलीत, छान केलंत. पण भाऊजी, ती चाकांपर्यंत जाणार कुठून? डिफरन्शियलमधूनच ना? आणि ते तर कंपनीचं आहे. सव्वाशे घोड्यांसाठी बनवलेलं.”

“मग?”

“दीडशेच्या वर गेलात की काटकीसारखं मोडणार.”

“कुणी सांगितलं?”

“सगळ्यांना माहीत आहे.”

जगात सर्वांत घातक ज्ञान ते हेच. एका माणसाला माहीत असलेली गोष्ट खोडता येते. सगळ्यांना माहीत असलेल्या गोष्टीचा धनी कुठे शोधणार? तरी मी शोधायचं ठरवलं. इंटरनेटवर एक सद्गृहस्थ भेटले, ते याच डिफरन्शियलवर साडेतीनशे घोडे उधळत होते आणि खुशाल होते. दुसऱ्याचं मूळच्या सव्वाशेवरच, दूध आणायला जाताना फुटलं होतं. तिसरा म्हणत होता की पहिला थापा मारतोय. चौथ्यानं तिसऱ्याला अक्कल विचारली. मग त्यांनी एकमेकांच्या मातोश्रींविषयी काही शंका काढल्या आणि चर्चा बंद झाली. गाडीच्या कंपनीला फोन केला. तिथल्या बाई फारच गोड बोलल्या.

“आम्ही बनवली तशीच गाडी ठेवली असेल तर काळजीचं काही कारण नाही.”

“पण मी नाही ठेवली.”

“मग काळजी करा,” त्या तितक्याच गोडव्यानं म्हणाल्या.

चौथ्या मजल्यावर पूलकाका राहतात. निवृत्त इंजिनिअर, उभी नोकरी पूल बांधण्यात गेली. त्यांनी पेन्सिल कानावरून काढली, वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर माझं डिफरन्शियल काढलं आणि त्याखाली नदीही काढली, हाताची सवय. “हे बघ,” ते म्हणाले, “कुठलीही वस्तू बनवताना लागते त्याच्या दुप्पट मजबुती ठेवायची असते. सव्वाशे दुणे अडीचशे. तुझे सव्वादोनशे. पास!”

मला त्यांचे पाय धरावेसे वाटले.

“अर्थात,” ते पुढे म्हणाले, “हे मी बनवलं असतं तर. हल्ली माझ्यासारखं कोण बनवतंय?”

मी पाय सोडले.

यानंतरचा प्रसंग सांगायला थोडा अवघड आहे, पण सांगतो. आमच्या मोठ्या साहेबांची गाडी बंद होती म्हणून मी त्यांना ऑफिसातून घरी सोडत होतो. सिग्नल हिरवा झाला, मी जरा ऐटीत निघालो, आणि ‘फाट्’ करून असा आवाज झाला की शेजारच्या सायकलवाल्यानं सायकल सोडून दिली. गाडीनं मान टाकली. साहेबांनी छातीवर हात ठेवला.

“काळजी नको साहेब,” मी म्हणालो. “टर्बोचा होज, म्हणजे हवेची नळी, निसटला. मला आधी वाटलं डिफरन्शियलच गेलं!”

एवढं बोलायची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी आठवण करून दिली की वाहनात बदल केला तर विमा कंपनीला कळवावं लागतं. माझ्या गाडीचा विमा आमच्याच कंपनीकडे उतरवलेला आहे. मी सरळमार्गी माणूस, लगेच कळवलं. आणि आमच्याच खात्यातून, माझ्याच टेबलावर, मला पत्र आलं: ‘सदर बदलामुळे निर्माण होणारी वाढीव शक्ती वाहनाच्या मूळ भागांस पेलेल काय, याविषयी कंपनीच्या अधिकाऱ्यासमक्ष समाधानकारक पुरावा सादर करावा. तोवर विमा स्थगित समजावा. “चालतंय की” हे उत्तर समाधानकारक मानले जाणार नाही.’ खाली साहेबांनी स्वहस्ते लिहिलं होतं, ‘विशेषतः डिफरन्शियल.’

हा मसुदा माझा आहे. मी तो लिहिला तेव्हा अख्ख्या खात्यानं वाहवा केली होती. वाचताना ऊर भरून आला. काय ती वाक्यं! कुठे फट म्हणून नाही. हे पत्र ज्याच्या हातात पडेल त्याची धडगत नाही, असं मनात येऊन मी कौतुकानं मान हलवली, आणि मान हलता हलता थांबली.

“काढून टाका ना टर्बो,” साहेब म्हणाले. “प्रश्न मिटला.”

काढून टाका! म्हणजे पुन्हा तो चढ, पुन्हा ती कॉफी. शक्यच नव्हतं. गाडी तळघरातल्या पार्किंगमध्ये चादर पांघरून उभी राहिली. मेहुणा रोज फोन करून एखाद्या आजाऱ्याची करावी तशी तिची चौकशी करू लागला. लिफ्टमध्ये भेटणारा प्रत्येकजण “काय, झेपेल का?” एवढंच विचारायचा. कशाला, हे विचारायचीही गरज उरली नव्हती.

मार्ग पूलकाकांनी काढला. “पूल बांधून झाला की आम्ही काय करायचो? त्याच्यावर भरलेले ट्रक उभे करायचो. पडला तर ट्रकवाला बोलायचा, नाही पडला तर मंत्री. तू भारचाचणी घे.”

जागा त्यांनीच निवडली. आमच्या तळघरातून रस्त्यावर येणारा जो चढ आहे, त्याची डावी बाजू गळक्या टाकीमुळे बारा महिने ओली असते. डावं चाक ओल्यात, उजवं कोरड्यात, आणि मागे एक जड गाडी पट्ट्यानं बांधलेली. साधं डिफरन्शियल असेल तर डावं चाक जागच्या जागी फिरत बसेल. आमचं असेल तर गाडी चढेल. आणि ते मोडणारं असेल तर मोडेल. सगळंच स्पष्ट होईल.

चढ इमारतीच्या मालकीचा, म्हणून विषय सभेपुढे गेला. अध्यक्षबाईंनी अर्ज दोनदा वाचला आणि चष्मा काढून विचारलं, “हा डिफरन्शियल कोण? भाडेकरू आहे का?” खुलासा करण्यात बराच वेळ गेला. ट्रम्पेटवाल्यांनी आवाजाचा त्रास होईल म्हणून हरकत घेतली, त्यावर सभेला इतकं हसू लोटलं की त्या भरात ठराव मंजूर झाला.

मागे बांधायला गाडी कुणाची? मेहुणा स्वतःहून पुढे आला. “तुमचं डिफरन्शियल कुणाच्या तरी गाडीनं जाणारच आहे, तर तो मान घरातच राहू दे.”

रविवारी सकाळी सगळ्या बाल्कन्या भरल्या. साहेब घरून घडीची खुर्ची घेऊन आले होते. बघूमास्तर भिंतीला टेकून छताकडे बघत होते. पूलकाकांनी खडूनं चढावर रेघा मारल्या आणि शिट्टी तोंडात धरली. बायको क्लिनिकमध्ये होती. तिचे रुग्ण रविवारीही दुखतात. मागे रणगाड्यात मेहुणा, हात स्टिअरिंगवर, चेहऱ्यावर आगाऊ सांत्वन.

मी स्टार्टर मारला. खरं सांगायचं तर मी शांतपणे निघणार होतो. पण आरशात मेहुणा दिसला, आणि वर बाल्कनीतून कुणीतरी “झेपेल का?” असं ओरडलं. पूलकाकांची शिट्टी वाजली. मी इंजिन असं काही गरजवलं की टर्बो किंचाळला, आणि क्लचवरचा पाय एकदम उचलला. गाडीनं उडी घेतली. सैल पडलेला पट्टा ताडकन ताणला गेला. आणि ‘खाड्’!

हा आवाज होजचा नव्हता. हा लोखंडाचा होता. इंजिन ओरडत राहिलं, गाडी हलेना. मग हलली ती मागे, आणि अगदी हळुवारपणे, एखाद्यानं खांद्यावर डोकं टेकवावं तशी, मेहुण्याच्या बंपरवर जाऊन टेकली. त्याची नंबरप्लेट खाली पडली.

मेहुणा उतरला, माझ्या खिडकीशी आला आणि हलक्या आवाजात म्हणाला, “गेलं, भाऊजी.” तिसऱ्या मजल्यावरून ट्रम्पेटचा एक लांबलचक, करुण सूर निघाला. त्या माणसाचं वाजवणं मला आयुष्यात पहिल्यांदाच प्रसंगाला धरून वाटलं.

त्यानंतरचे दिवस मी सुतकी चेहऱ्यानं काढले. शेजारी भेटायला येत होते. “वय काय होतं?” एका आजोबांनी विचारलं, त्यांना कुणीतरी अर्धवटच सांगितलं असावं. पूलकाकांनी वर्तमानपत्राची कड पुन्हा तपासून त्यांचं गणित बरोबर असून डिफरन्शियलच चुकलं, असा निष्कर्ष काढला. बायको एवढंच म्हणाली, “तुम्ही जेवून घ्या.” मी जेवलो. अपमानानं भूक वाढते, हा माझा अनुभव आहे.

मग बघूमास्तरांचा फोन आला. “उघडलंय. या.”

मी गेलो. गॅरेजातल्या लिफ्टवर चढवलेल्या गाडीखाली ते टॉर्च घेऊन उभे होते. काळ्या तेलाचा उग्र वास सुटला होता. पायाशी एक लोखंडी दांडा दोन तुकडे होऊन पडला होता, गाजर मोडावं तसा. डिफरन्शियलमधून उजव्या चाकाकडे जाणारी ती आसाची कांडी. आणि वर, उघड्या पोटात...

“बघा,” बघूमास्तर म्हणाले.

बघू नव्हे. बघा! इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून हा शब्द मी प्रथमच ऐकला. मी बघितलं. टॉर्चच्या उजेडात तेलानं माखलेले दाते एकाला एक बिलगून बसले होते. एकाचाही टवका उडालेला नव्हता. बघूमास्तरांनी चाक हातानं फिरवलं, आणि ते दाते एकमेकांवरून निःशब्द सरकले. होज निसटला होता, कांडी तुटली होती, मेहुण्याची नंबरप्लेट पडली होती. पण हा गडी जागच्या जागी होता. माझी मुलगी बोर्डात आली तेव्हाही मी इतका ताठ चाललो नव्हतो. तिला हे सांगू नका.

तडक साहेबांकडे गेलो. “साहेब, डिफरन्शियल शाबूत आहे. पुरावा झाला.”

“गाडी चढली का?”

“नाही, पण ते कांडीमुळे. तुम्ही फक्त डिफरन्शियलबद्दल विचारलंय.”

साहेबांनी पत्र काढून माझ्यासमोर धरलं. “‘मूळ भागांस’ लिहिलंय. अनेकवचन आहे. कांडी हा मूळ भाग आहे की नाही?”

अनेकवचन माझंच होतं. ते घालताना मी केवढा विचार केला होता.

तेव्हा दुसरी चाचणी. नवी कांडी बसली. पुन्हा रविवार, पुन्हा बाल्कन्या, पुन्हा घडीची खुर्ची. फरक एवढाच की मेहुण्यानं नंबरप्लेट आधीच काढून ठेवली होती. मी गाडीत बसलो. पाय थरथरत होता, आणि क्लचवर थरथरणारा पाय म्हणजे काय होतं ते आता मला ठाऊक होतं. इतक्यात दार उघडलं. बायको. क्लिनिकमधून थेट आलेली, अंगात पांढरा कोट.

“उतरा,” ती म्हणाली.

“अगं, पण...”

“अहो, उतरा म्हणते ना.”

अख्ख्या इमारतीसमोर मी उतरलो. त्या वेळी तो अपमान वाटला. ती सीट पुढे ओढून बसली आणि काच खाली करून सगळ्यांनाच म्हणाली, “इतके दिवस ऐकतेय मी, किती घोडे नि किती घोडे. माझ्याकडे शंभर किलोचा माणूस जिना चढून येतो, गुडघे ठणठणीत. आणि पन्नास किलोची पोरगी एक पायरी चुकते, एक हिसका बसतो, आणि सहा महिने माझ्याकडे फेऱ्या घालते. सांधा वजनानं जात नाही, हिसक्यानं जातो. किती घोडे आहेत ते नका सांगू मला. लगाम सोडता कसा, ते बघा.”

“आघातभार,” पूलकाका पुटपुटले. “मी म्हणणारच होतो.”

तिनं गाडी बोटभर पुढे घेतली. पट्टा जमिनीवरून उचलला गेला, सरळ झाला, ताठ झाला. तेवढ्यावर ती थांबली. मग टर्बोची शिट्टी सुरू झाली, पण किंचाळी नव्हे. कुणी कामात गढून शीळ घालावी तशी. डावं चाक ओल्यावर अर्धा फेरा घसरलं, चुईं केलं. आणि मग आत कुठेतरी त्या न्यायी गड्यानं डाव्याचा कान धरला. उजवं चाक जमिनीत रुतल्यासारखं बसलं. गाडी निघाली. मागोमाग रणगाड्याचं नाक वर उचललं गेलं आणि मेहुणा, दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून, पाळण्यात बसलेल्या मुलासारखा डोळे मोठे करून, चढ चढायला लागला.

अर्ध्या चढावर, बरोबर सगळ्यात ओल्या जागी, ती थांबली.

“थांबलीस कशाला?” मी ओरडलो. माझा आवाज फाटला होता.

तिनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. “साहेब खुर्चीतून वाकून बघत होते. नीट दिसलं नसेल त्यांना.” आणि तिथून, उभ्या चढावर, मागे तो डोंगर लटकत असताना, ती पुन्हा निघाली आणि रस्त्यावर जाऊन पोचली. काही तुटलं नाही. काही निसटलं नाही. टाळ्या इतक्या झाल्या की कबुतरं उडाली, आणि ट्रम्पेटवर काहीतरी विजयी वाजलं. थोडं बेसूर होतं, पण मी त्याला माफ केलं.

मेहुणा गाडीतून उतरला. आता तो काय म्हणतोय म्हणून मी सरसावून उभा राहिलो. पण तो माझ्याकडे आलाच नाही. सरळ तिच्या खिडकीशी गेला आणि म्हणाला, “ताई, मला शिकवशील हे?”

साहेब पेनचं टोपण काढून उभे राहिले. “समाधानकारक,” ते म्हणाले. “फक्त एक. किती शक्ती पेलते? मला आकडा लागेल.”

पूलकाकांनी अडीचशे सांगितले. मेहुण्यानं, आता जरा नरमून, दोनशे. मी सव्वादोनशे म्हणालो. बघूमास्तर “बघू” म्हणाले. साहेब आमच्या चौघांकडे बघत राहिले आणि मग बायकोकडे वळले.

“आकडा नाही सांगता येणार,” ती कोटाच्या बाह्या नीट करत म्हणाली. “मी चालवत असेन तर झेपतं, एवढं लिहा.”

ती गमतीनं म्हणाली. पण साहेबांनी लिहिलं. आठवड्याभरात पत्र आलं: ‘चाचणी ज्या चालकाच्या हातून यशस्वी झाली, त्या चालकाखेरीज अन्य कोणीही सदर वाहन चालविल्यास विमा लागू राहणार नाही.’ मी ते तीनदा वाचलं. फट शोधली. पळवाट शोधली. स्वल्पविराम तपासले. कुठेच काही सापडलं नाही. माझ्या हाताखाली राहून साहेब फार चांगलं लिहायला शिकले आहेत.

तेव्हापासून गाडी बायको चालवते. सुट्टीच्या दिवशी मी शेजारी बसतो, आणि एरवी बसनं ऑफिसला जातो. लोकांना यात माझी फजिती दिसते. दिसू दे. परवा सकाळी मी स्टॉपवर उभा होतो. शेजारी बॅग घेतलेले एक अनोळखी गृहस्थ होते. समोरच्या वळणावर ती आली, मला बघून हॉर्न दिला, आणि रस्ता मोकळा पाहून, खास माझ्यासाठी, थोडा लगाम सोडला. शिट्टी वाजली, टायर कुजबुजले आणि गाडी दिसेनाशी झाली.

“कोण ही बाई?” ते गृहस्थ कपाळाला आठ्या घालून म्हणाले. “रस्त्याची पार वाट लावली.”

“वाट नाही लावली. इकडे या,” मी म्हणालो आणि त्यांना हाताला धरून कडेपर्यंत नेलं. “काय दिसतंय?”

“टायरचे डाग.”

“किती?”

“दोन.”

“दोन! साध्या गाडीचं एकच चाक रेघ ओढतं, दुसरं नुसतं बघत राहतं. या दोन आहेत, आणि दोन्ही सारख्या लांबीच्या. हवं तर मोजा.”

त्यांनी मोजलं नाही, पण वाकून बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. “तुमची गाडी का?”

“बायकोची,” मी छाती पुढे काढून म्हणालो. “डिफरन्शियल कंपनीचंच आहे.”

बस आली. ते गृहस्थ घाईघाईनं चढले आणि खिडकीतून माझ्याकडे बघत राहिले. मी ती बस सोडून दिली.